नागपुरात रेकॉर्डिंग इंजिनिअर म्हणून काम सुरू करताना: खोली लावण्यापासून फाइल देईपर्यंत

घरात इंटरफेस (माइक संगणकाला जोडणारं यंत्र) आहे, एक-दोन माइक आहेत, सॉफ्टवेअर बऱ्यापैकी येतं, मित्रांची गाणी करून झाली आहेत आणि आता ओळखीतून खरे कलाकार पैसे देऊन तुमच्याकडे येणार आहेत. हा लेख अशा मुलामुलींसाठी आहे. या विषयावरचे व्हिडिओ ढिगाने मिळतात, पण बहुतेकांत समोर ड्रम सेट आणि इलेक्ट्रिक गिटार असते. आपल्या दारात येतात तबला, ढोलक, पेटी, बेंजो, टाळ आणि खंजिरी.

इथलं काम कुठून येतं ते आधी समजून घ्या. १४ एप्रिलच्या आणि अशोक विजयादशमीच्या आधीचे आठवडे भीमगीतांचे. नवरात्राआधी देवीची गाणी, त्यात कोराडीच्या जगदंबेची खास. ताजबागच्या उरुसाच्या सुमारास कव्वाली. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची भजनं गाणारी मंडळं वर्षभर येतात. शाळांची स्वागतगीतं आणि गाडीवर वाजवायच्या जाहिराती मधेमधे असतातच. ही बहुतेक मंडळी स्टेजवर तयार झालेली. रात्रभर हजार माणसांसमोर गाणारा गायक बंद खोलीत, कानाला हेडफोन लावून, काचेपलीकडच्या अनोळखी माणसाकडे बघत गायला लागला की अवघडतो. त्याला अवघडू न देणं हेच आपलं मुख्य काम आहे असं मी मानतो. पुढच्या सगळ्या पायऱ्या मी त्याच नजरेने लिहिल्या आहेत.

१. खरेदीआधी ऐकायला शिका

पुण्याच्या एफटीआयआयमध्ये आणि कोलकात्याच्या सत्यजित रे संस्थेत ध्वनीचे चांगले अभ्यासक्रम आहेत. जमलं तर जरूर जा. नाही जमलं तर चालू स्टुडिओत मदतनीस म्हणून बसा. केबल गुंडाळा, स्टँड लावा, आणि मुख्य इंजिनिअर बोलतो कधी आणि गप्प कधी राहतो ते बघा.

सोबत वाद्यं जवळून ऐका. वसंतराव देशपांडे सभागृहात किंवा दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्रात कार्यक्रम असेल तर जाच, पण तिथे तुम्ही ऐकता तो आवाज स्पीकरमधून आलेला असतो. म्हणून एखाद्या तबला शिकवणाऱ्या गुरुजींना विचारून त्यांच्या वर्गात तासभर बसा. डग्ग्याचा घुमारा कुठून येतो आणि चाटीचा (कडेचा) टणत्कार कुठून, हे डोकं खाली-वर, डावी-उजवीकडे नेऊन ऐका. जिथे तुमच्या कानाला वाद्य पूर्ण वाटेल, माइकची पहिली जागा तीच.

२. खोली

अंड्याच्या ट्रेंनी खोली साउंडप्रूफ होत नाही. हा गैरसमज अजून जिवंत आहे आणि त्यापायी लोक भिंती खराब करतात. बाहेरचा आवाज आत येऊ न देणं आणि आतला आवाज घुमू न देणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिल्याला वजन लागतं: जाड भिंत, जड दार, दाराच्या फटीला रबरी पट्टी, बंद खिडकी. दुसऱ्याला आवाज शोषणारी जाडी लागते. लाकडी चौकटीत चार इंच रॉकवूल (दगडी लोकर) भरून वर कापड ताणलं की उत्तम पॅनेल होतं, आणि कापड गांधीबागेत स्वस्त मिळतं. ही पॅनेल आधी कोपऱ्यांत लावा, कारण स्लॅबच्या चौकोनी खोलीत खर्ज तिथेच साचतो. तोवर जाड गाद्या आणि सतरंज्यांवर काम चालवा. खोलीच्या मधोमध उभं राहून टाळी वाजवा. टाळीमागे झणझण आली तर अजून भिंती उघड्या आहेत असं समजा.

आता उन्हाळा. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि घरोघरी कूलर सुरू होतात. कूलर लावून रेकॉर्डिंग होत नाही. त्याचा पंखा तर ऐकू येतोच, शिवाय त्याच्या ओलसर हवेने तबल्याची पुडी (वरचं कातडं) सैल पडते आणि सूर उतरतो. बाहेरच्या कोरड्या उन्हातून आलेली तीच पुडी ताणलेली असते, सूर चढलेला असतो. म्हणजे वादक दारातून माइकपर्यंत येईतो तबला दोनदा बदलतो. यावर मी करतो ते असं: सेशनच्या तासभर आधी एसी लावून खोली गार करायची, वाद्यं आल्यावर अर्धा तास खोलीतच ठेवायची, मगच लावायला सांगायचं आणि टेकच्या वेळी (प्रत्यक्ष गाणं घेताना) एसी बंद. दोन टेकनंतर पुन्हा दहा मिनिटं सुरू. शक्य असेल तर उन्हाळ्यातली सेशन सकाळी सहाला घ्या. फक्त आमराई जवळ असेल तर कोकिळा गाण्यात येते, खिडकी नीट लावा.

पावसाळ्यात कंडेन्सर (नाजूक, वीज लागणारे) माइक उघडे ठेवू नका, सिलिका जेलच्या पुड्यांसह डब्यात ठेवा. आणि महाल-इतवारी भागात स्टुडिओ असेल तर मारबतीच्या मिरवणुकीच्या दिवशी सेशन घेऊच नका.

३. सामान

सुरुवातीला एवढं पुरतं:

- चार किंवा आठ इनपुटचा इंटरफेस, ४८ व्होल्ट फँटम पॉवरसह (कंडेन्सर माइकला लागणारी वीज)
- गायनासाठी एक मोठ्या डायफ्रॅमचा (आवाज पकडणाऱ्या पडद्याचा) कंडेन्सर माइक
- तबला आणि पेटीसाठी छोट्या डायफ्रॅमच्या कंडेन्सरची जोडी
- ढोलक, कोरस आणि अडीअडचणीसाठी दोन डायनॅमिक (वीज न लागणारे, दणकट) माइक, शुअर एसएम ५७ किंवा ५८ प्रकारातले
- बेंजो, कीबोर्ड, गिटारसाठी दोन डीआय बॉक्स (वाद्याची वायर थेट इंटरफेसला जोडायची डबी)
- बंद कपांचे किमान तीन हेडफोन आणि हेडफोन अ‍ॅम्प्लिफायर
- जड पायाचे स्टँड, पॉप फिल्टर, जादा एक्सएलआर (माइकच्या) केबल
- यूपीएस आणि नीट केलेलं अर्थिंग
- दोन हार्ड डिस्क

सॉफ्टवेअर कोणतंही घ्या. क्यूबेस, नुएंडो, प्रो टूल्स, लॉजिक ही सगळी चालतात, आणि रीपर साठ दिवस वापरून बघता येतं, त्याचा परवानाही परवडतो. चोरलेलं मात्र घेऊ नका. भर सेशनमध्ये ते बंद पडलं तर कलाकारांसमोर सांगायला काही उरत नाही.

अर्थिंगवर पैसे वाचवू नका. बारीक ‘हूं’ असा आवाज येत राहिला तर तो बहुधा ५० हर्ट्झच्या विजेचा असतो. लॅपटॉपचा चार्जर काढून बघा, सगळी यंत्रं एकाच बोर्डावरून चालवून बघा, डीआय बॉक्सवरचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबून बघा. प्लगची अर्थिंगची पिन कापायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, त्यात जिवाला धोका आहे.

४. आदल्या दिवशीचा फोन

हा फोन मी कधीच टाळत नाही. विचारायच्या गोष्टी:

- गाणी किती, प्रत्येकाची पट्टी कोणती? ‘काळी एक’, ‘पांढरी चार’ असं उत्तर मिळेल, ते लिहून घ्या.
- कोण-कोण येणार, कोणती वाद्यं, कोरसला किती जण?
- पेटी त्यांची की तुमची? कीबोर्डचा ट्रॅक आधीच तयार आहे का?
- ताल कोणता आणि शेवटी लय वाढते का?
- चाल स्वतःची आहे की एखाद्या गाण्याची?

पेटीच्या प्रश्नात मोठा खड्डा आहे. पेटीचे सूर आयत्या वेळी बदलता येत नाहीत आणि अनेक जुन्या पेट्या ४४० हर्ट्झच्या (प्रमाण सुराच्या) मापाला बसत नाहीत. कीबोर्डवर सगळं संगीत वाजवून झालं, मग बुवांची पेटी आली आणि दोन्ही एकमेकांत खटकायला लागले, असं नको असेल तर पेटीचा एक स्वर आधी मागवून घ्या. मोबाइलवर पाठवलेला आवाज अंदाजापुरता चालतो, पक्कं माप पेटी समोर आल्यावर ट्यूनरवर घ्या. ती दहा सेंट (सेंट म्हणजे शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग) वर असेल तर कीबोर्डचं मास्टर ट्यूनिंग दहा सेंट वर न्या. तबला त्याप्रमाणे लावला जाईलच.

५. कलाकार येण्याआधी

प्रोजेक्ट ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर उघडा. प्रत्येक ट्रॅकला नाव द्या. ‘ऑडिओ १७’ या नावावरून नंतर काहीच कळत नाही. एका मोनो ट्रॅकला मिनिटाला साधारण साडेआठ एमबी लागतात, म्हणजे आठ ट्रॅक तासभर चालले तर चार जीबीच्या आसपास. डिस्कवर जागा आहे ना ते बघा. बफर (संगणक आवाज साठवून पुढे देतो तो तुकडा) १२८ सॅम्पल किंवा कमी ठेवा, नाहीतर गायकाला स्वतःचा आवाज उशिरा ऐकू येतो.

प्रत्येक माइकसमोर स्वतः बोलून पाहा, प्रत्येक हेडफोन स्वतःच्या कानाला लावून पाहा. प्यायचं पाणी भरून ठेवा, साधं, फ्रिजमधलं नको. खाली बसून वाजवणाऱ्यांसाठी गादी घाला. मंडळी येतात तेव्हा तुम्ही केबल शोधत असाल तर त्यांचा पहिला उत्साह तिथेच विरतो, आणि बऱ्याचदा सगळ्यात चांगलं गाणं त्या उत्साहातच असतं.

६. माइक कुठे लावायचे

*गायक.* तोंडापासून सहा ते आठ इंच, मधे पॉप फिल्टर. मराठीत प, फ, भ यांचा झोत जोरदार असतो आणि भीमगीतात तर ‘भीम’ हा शब्द ओळीओळीला येतो. म्हणून माइक ओठांच्या अगदी समोर न ठेवता थोडा वर किंवा बाजूला नेऊन तिरका करा, झोत खालून निघून जातो. स्टेजची सवय असलेले गायक माइक ओठांना लावायला जातात. माइक मागे ओढण्यापेक्षा पॉप फिल्टर पुढे आणून ठेवा, मग ते आपोआप योग्य अंतरावर थांबतात. तार सप्तकात मान मागे घ्यायची सवय ज्यांना आहे त्यांना तसंच गाऊ द्या.

*तबला.* दायाँ आणि डग्गा यांना एकेक माइक, वरून साधारण नऊ-दहा इंचांवर. माइकची नजर शाई आणि काठ यांच्या मधल्या भागाकडे ठेवा. फार जवळ गेलात तर बोटांची टकटक येते आणि घुमारा हरवतो. दोन्ही माइक लावले की एकाचा फेज (आवाजाच्या लाटेची दिशा) उलटा करून ऐका. डग्गा ज्या स्थितीत भरदार वाटेल ती ठेवा.

*पेटी.* माइक वरून, पट्ट्यांच्या पुढे, एक-दीड फुटावर. भात्याच्या बाजूला ठेवलात तर फुसफुस आणि झाकणाची खटखट येते. जुन्या पेटीचा भाता करकरत असेल तर वादकाला हळूच सांगा, बिजागरीला थोडं तेल दिलं की बऱ्याचदा थांबतो.

*टाळ, झांज, खंजिरी.* ही वाद्यं दिसतात लहान, पण सगळ्यांच्या माइकमध्ये शिरतात. माइक चार-पाच फूट लांब ठेवा. जमलं तर टाळ शेवटी वेगळे घ्या.

*बेंजो.* पिकअप (वाद्यातच बसवलेलं आवाज टिपणारं उपकरण) असेल तर डीआयमधून घ्या आणि वाद्यासमोर एक माइकही ठेवा. नुसता पिकअप रुक्ष वाटतो.

*कोरस.* एका माइकभोवती अर्धवर्तुळ. ज्यांचा आवाज मोठा ते मागे. दुसरा टेक घेताना जागा बदलायला सांगा, चौघांचा कोरस आठांचा वाटतो.

लेव्हलच्या बाबतीत घाबरू नका. २४ बिटमध्ये जागा भरपूर असते. सर्वांत मोठा आवाज मीटरवर उणे १० ते १२ डीबीच्या आसपास राहू द्या. रिहर्सलला जेवढ्या जोराने गातात त्याहून टेकला जोरात गातात, हे गृहीत धरून गेन (माइकचा आवाज वाढवायचं बटण) ठेवा.

७. हेडफोन

नवीन मुलं माइकच्या कंपनीवर तास-तास बोलतात. गायकाच्या कानात काय चाललं आहे याकडे त्यांचं लक्ष नसतं. पण सूर कशामुळे सुटतो ते बघा. कानात संगीत फार मोठं असेल तर गायक ओरडतो आणि सूर चढतो. स्वतःचा आवाज फार मोठा असेल तर तो हात राखून गातो आणि सूर उतरतो. तानपुरा नीट ऐकू येत नसेल तर आलापात चाचपडतो. मग आपण त्यालाच म्हणतो, ‘दादा, सूर बघा.’ त्याआधी उठून त्याचा हेडफोन आपल्या कानाला लावून बघायला हवं.

माझी पद्धत अशी. आधी कानात फक्त तानपुरा किंवा पेटी. मग गायकाचा आवाज, त्यावर थोडा रिव्हर्ब (घुमण्याचा परिणाम), कारण कोरड्या आवाजाने स्टेजचा गायक बावरतो. मग ठेका. बाकी वाद्यं शेवटी, हळू. एक कान उघडा ठेवायचा असेल तर ठेवू द्या, पण त्या बाजूच्या कपाचा आवाज बंद करा, नाहीतर तो माइकमध्ये येतो.

काटोलकडचं एक भजनी मंडळ आलं होतं. बुवा स्वतः खंजिरी वाजवत गाणारे. नेहमीच्या पद्धतीने प्रत्येकाला वेगळं बसवलं होतं. दोन ओळी झाल्या आणि बुवांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवला.

“भाऊ, मले माहाच आवाज आयकू नाही येऊन राहिला.”

आवाज वाढवून दिला. पुन्हा तेच. त्यांचं लक्ष मात्र सारखं काचेपलीकडे बसलेल्या झिलकऱ्यांकडे (मागे साथ गाणाऱ्यांकडे) जात होतं. मग सगळ्यांचे हेडफोन काढले, एकाच खोलीत सतरंजी घातली आणि म्हटलं, “बुवा, गावात बसता तसे बसा.” ते अर्धगोलात बसले, पेटी डावीकडे, तबला उजवीकडे, झिलकरी मागे. बुवांच्या माइकची पाठ पेटीकडे केली, खंजिरीला लांबून एक माइक, आणि सगळ्यांच्या वर एक जोडी. आवाज एकमेकांत मिसळले, नंतर कुणाचीही ओळ वेगळी काढून दुरुस्त करता येणार नव्हती. पण बुवांनी डोळे मिटले, झिलकऱ्यांनी ओळ उचलली, आणि जे गाणं झालं ते हेडफोन लावून झालंच नसतं. वेगवेगळे ट्रॅक ही आपली सोय आहे. तिच्यासाठी गाण्याचा जीव जात असेल तर सोय सोडा.

८. टेक

रेकॉर्डचं बटण रिहर्सललाच दाबा आणि तसं सांगू नका. ‘आता फायनल’ म्हटलं की गळा आवळतो.

क्लिकचा (लयीच्या टिकटिकीचा) हट्ट करू नका. कीबोर्डचा ट्रॅक असेल तर क्लिक लागते, पण ती टिकटिक देण्यापेक्षा केरवा किंवा दादऱ्याचा साधा ठेका कानात द्या, वादक त्यावर सहज बसतात. भजनात शेवटी लय चढत जाते. तिथे एकच वेग लावून धरला तर गजर मरतो. अशा गाण्याला ठेक्याचा वादकच घड्याळ.

टॉकबॅकवर (काचेपलीकडे बोलायच्या माइकवर) कमी बोला, पण गप्प राहू नका. टेक संपल्यावर आपल्या बाजूला तीन जण हसत काहीतरी बोलताहेत आणि गायकाला काचेतून फक्त ओठ हलताना दिसताहेत, तर त्याला वाटतं आपल्यालाच हसले. लगेच बटण दाबा आणि काहीतरी नेमकं सांगा: “ताई, अंतरा मस्त झाला, मुखड्याची दुसरी ओळ एकदा अजून घेऊ.” चूक वादकाची असेल तर सगळ्यांसमोर नाव घेऊ नका. वयाने मोठ्या कलाकाराला सूर लागला नाही हे थेट सांगण्यापेक्षा “बुवा, ऐकून बघता का एकदा?” म्हणा. ऐकलं की त्यांना कळतं, आणि पुन्हा गाण्याचा निर्णय त्यांचा राहतो.

त्याच ओळीचे चार-पाच टेक झाले आणि दर वेळी बिघडतच चाललं, तर थांबा. चहा मागवा. दुसरं गाणं घ्या.

९. एडिट आणि मिक्स

इथे थोडक्यात सांगतो, कारण हे शिकायला साधनं भरपूर आहेत. फक्त पिच दुरुस्तीचं एक लक्षात ठेवा: सॉफ्टवेअर बारा स्वरांच्या खुंट्यांवर आवाज ओढतं, त्यामुळे मींड आणि आंदोलन (सुरांची घसर आणि झुलणं) सपाट होतं. पूर्ण गाण्यावर लावू नका, चुकलेला तेवढा स्वर हाताने उचला. मिक्स मोबाइलच्या स्पीकरवर आणि शक्य असेल तर मंडपवाल्याच्या बॉक्सवर ऐका, कारण यातली बरीचशी गाणी तिथेच वाजणार आहेत. स्पॉटिफाय आवाज साधारण उणे १४ लफ्सला (आवाजाच्या मोठेपणाचं माप) आणून ठेवतं, तेव्हा आवाज मोठा करण्याच्या नादात गाणं दाबून चपटं करू नका.

१०. कागद, पैसे आणि फाइल

जवळ ठेवायचे कागद:

- गुमास्ता (दुकान-आस्थापना नोंदणी): कामगार थोडे असतील तर ऑनलाइन सूचना पुरते
- उद्यम नोंदणी: ही मोफत आहे, त्यासाठी पैसे मागणाऱ्या एजंटांपासून सावध
- पॅन, व्यवसायाचं बँक खातं, बिलबुक
- वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेली तर जीएसटी नोंदणी
- प्रत्येक गाण्याचा एक कागद: गीतकार, संगीतकार, गायक, वादक, पैसे देणारा निर्माता, तारीख आणि सगळ्यांच्या सह्या

या शेवटच्या कागदाचा लोक कंटाळा करतात आणि भांडणं तिथूनच सुरू होतात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे रेकॉर्डिंगचा हक्क साधारणपणे निर्मात्याचा असतो, शब्दांचा आणि चालीचा हक्क वेगळा. हे गाणं व्हायरल होण्याआधी लिहून घेतलेलं बरं.

आपल्याकडे सिनेमाच्या चालीवर नवे शब्द बसवायची जुनी पद्धत आहे. मंडपात गाताना कोणी विचारत नाही, पण यूट्यूबवर टाकलं की मूळ चालीच्या मालकाचा दावा येतो, कमाई त्यांच्याकडे जाते किंवा गाणं उतरतं. शाहिरांना हे रेकॉर्डिंगच्या आधी सांगा. नंतर सांगितलं तर दोष तुमच्यावर येतो. तुमच्याच स्टुडिओत एखाद्या संगीतकाराला त्याच शब्दांवर नवी चाल बांधायला सांगता येते, आणि ती बहुतेक वेळा आवडते.

पैशांचं आधी बोला: तासावर की गाण्यावर, किती दुरुस्त्या त्यात धरल्या, वादकांचं मानधन कोण देणार. निम्मे पैसे आगाऊ घ्या, उरलेले मिळाल्यावर अंतिम फाइल द्या, तोवर ऐकायला एमपीथ्री पुरते. देताना २४ बिट वेव्ह, एमपीथ्री आणि गायकाला कार्यक्रमात लागणारा आवाजाशिवायचा ट्रॅक असं तिन्ही द्या. हा तिसरा ट्रॅक मागायला ते विसरतात आणि कार्यक्रमाच्या आदल्या रात्री फोन करतात.

प्रोजेक्ट दोन हार्ड डिस्कवर ठेवा, त्यातली एक स्टुडिओबाहेर. प्रोजेक्टच्या नोटमध्ये पट्टी, पेटी किती सेंट वर-खाली होती, कोणता माइक किती अंतरावर होता आणि गेन किती ठेवला ते लिहा. पुढच्या वर्षी तेच मंडळ एक कडवं बदलायला येतं, आणि हे लिहिलेलं असलं तर तासाभरात नवी ओळ जुन्या गाण्यात बसते.